लागलं तर असावं

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोंदी करणाऱ्या माणसाची मी मुलगी. आमच्या सांगली जिल्ह्यात हंगामात उसाच्या बैलगाड्यांची रांग मध्यरात्र उलटली तरी हलत नसे. गाडी आधी भरलेली काट्यावर यायची, मग रिकामी. मधला फरक म्हणजे ऊस. अण्णा आकडा लिहिण्याआधी बैलांच्या मानेकडे बघायचे. जू घासून कातडी सोललेली दिसली की गाडीवानाला म्हणायचे, "एवढं भरू नको रे." गाडीवान मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच भरून आणायचा, कारण पैसे टनावर मिळत.

हे बघत वाढलेली मी, ॲडलेडला येऊन फोर-व्हील ड्राइव्ह घेतली आणि अकरा वर्षं ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये हिंडले. त्या अकरा वर्षांत आमची गाडी एकदाही काट्यावर नेली नाही. नेली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

सामानाची माझी एक यादी होती. इथल्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये ती फिरत होती. नवीन गाडी घेतलेलं कुणी भेटलं की मी ती पाठवायची, आणि "यातलं काही गाळू नका" असं बजावायची. ती यादी मला आज परत घ्यायची आहे.

यादीची सुरुवात भीतीतून झाली. २००८ साली आम्ही पहिल्यांदा बर्ड्सव्हिल ट्रॅकने गेलो. मारी ते बर्ड्सव्हिल, ५१७ किलोमीटर, आणि मध्ये मंगरॅनीचं हॉटेल सोडलं तर थांबावं असं जवळजवळ काही नाही. डिसेंबर १९६३ मध्ये याच रस्त्यावर एका कुटुंबातली पाच माणसं वाट चुकली. इंधन संपलं, पाणी संपलं, आणि गाडी सोडून निघालेली ती माणसं उन्हात मेली. ही हकीकत वाचल्यावर मला किती तरी रात्री झोप लागली नाही. त्यातून इथले जाणते लोक जे शिकले ते सरळ होतं: ऐन उन्हाळ्यात जायचं नाही, कुठे चाललो आणि कधी परतणार ते कुणाला तरी सांगून निघायचं, आणि काहीही झालं तरी गाडीजवळून हलायचं नाही. मी मात्र त्यातून एवढंच घेतलं की त्यांच्याकडे सामान कमी पडलं. आपल्याकडे कमी पडता कामा नये.

शिवाय आईचं एक वाक्य रक्तातच होतं. मिरजेहून मुंबईला एका रात्रीच्या प्रवासाला निघालो तरी वळकटी, फिरकीचा तांब्या, कंदील, दोन दिवसांच्या दशम्या. कशाला म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "लागलं तर असावं." तिच्या काळात, तिच्या गाड्यांमध्ये ते बरोबरही होतं. रेल्वेच्या डब्याला आणखी एका वळकटीने काही होत नाही.

आमच्या गाडीला होत होतं. दर सहलीनंतर काहीतरी वाढत गेलं. छपरावर लोखंडी कॅरिअर, त्यावर उघडणारा तंबू. मागे लोखंडी खणांची पेटी. दुसरी बॅटरी, फ्रिज, पुढे विंच, उंच हातोडीसारखा तो हाय-लिफ्ट जॅक, दोन स्टेपन्या, जनरेटर, लाकडं तोडायची करवत, गॅसच्या दोन टाक्या, गरम पाण्याच्या आंघोळीचा पंप, घडीचं टेबल. माझ्या स्वयंपाकघराचा पसारा वेगळाच. दर वेळी कारण खरं होतं. कुठे तरी, कधी तरी ती वस्तू कुणाला तरी लागली होती. मी एकेका वस्तूचा हिशेब करत होते. सगळ्यांचा मिळून हिशेब मी कधी केलाच नाही.

जुलै २०१८ मध्ये आम्ही सिम्पसन वाळवंट ओलांडायला निघालो. बरोबर नाशिकचं एक तरुण जोडपं होतं. दोघं मला ताई म्हणतात. त्यांनी नवी डबल-कॅब युट, म्हणजे मागे हौदा असलेली गाडी, घेतली होती आणि माझी यादी हातात धरून ती भरली होती. एकही ओळ गाळली नव्हती. ते मला तेव्हा अभिमानाचं वाटलं होतं.

सिम्पसनमध्ये वाळूच्या टेकड्या हजारावर आहेत. सगळ्या एकमेकींना समांतर, उत्तर-दक्षिण पसरलेल्या, लाल. माउंट डेअरला टाक्या भरल्या की बर्ड्सव्हिलपर्यंत डिझेल मिळत नाही. डालहौसीच्या गरम झऱ्यात डुंबून पुढे निघालं की फ्रेंच लाइन लागते. १९६०च्या दशकात एका फ्रेंच तेल कंपनीने शोधकामासाठी बुलडोझर घालून ती पाडली, त्यामुळे ती कुठल्याही टेकडीला वळसा घालत नाही. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. चढणीवर गाड्या उसळून उसळून खड्डे पडलेले असतात. त्या खड्ड्यांमध्ये गाडीचा मागचा भाग आदळतो, आणि मागच्या चाकांच्याही मागे जे वजन लटकत असतं ते तरफेसारखं चॅसिसला वाकवत राहतं. आज हे मला पाठ आहे. तेव्हा माहीत होतं, पण आपल्याबद्दल आहे असं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी युटचा मागचा कमानपाटा तुटला. मुख्य पातंच गेलं. आवाज आम्हाला पुढच्या गाडीत ऐकू आला.

पाट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून पट्ट्याने आवळायचं, हा इथला जुना उपाय. पण जॅक लावायच्या आधी गाडी हलकी करावी लागते. म्हणून आम्ही युट रिकामी केली, आणि त्यांचं थोडं सामान आमच्या गाडीत मावतं का बघायला आमचीही अर्धी रिकामी केली. दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर, गिजीच्या झाडांखाली, ते सगळं मांडलं गेलं. ताडपत्र्या पुरेनात. तो आणि माझा नवरा गाडीखाली होते. ती सामानाकडे बघत उभी होती. म्हणाली, "ताई, यातलं आपण आत्तापर्यंत काय काय वापरलं?"

मी मोजलं. फावडं, चाकांखाली घालायच्या दोन फळ्या, हवा भरायचा पंप, रेडिओ, चूल, कुकर, पाणी, अंथरूण. बाकीच्याला आमचा हातही लागला नव्हता. करवत नॅशनल पार्कमध्ये वापरायचीच नव्हती. जनरेटर ठोकळ्याच्या कामाचा नव्हता. जो ठोकळा कामी आला तो माझ्या यादीत नव्हता, तिच्या नवऱ्याने घरून सहज म्हणून उचलला होता. मी तिला उत्तर दिलं नाही. पाणी उकळतंय का बघते म्हणून उठले.

बर्ड्सव्हिलपर्यंत अडीच दिवस लागले, ताशी दहा-बारा किलोमीटरने. शेवटची ती मोठी टेकडी, बिग रेड, आम्ही चढलोच नाही, वळसा घालून गेलो. एका रात्री पारा शून्याच्या जवळ उतरला. तिला ताप होता. ठोकळा सुटला असता तर काय, हा विचार आम्ही चौघंही करत होतो आणि कुणी बोलत नव्हतं.

आता कबुली. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की पाटा निकृष्ट होता. वर्षभर सांगत राहिले. त्या युटचं चॅसिसही किंचित वाकल्याचं नंतर कळलं, दुरुस्तीला त्यांची वर्षाची शिल्लक गेली. त्या दोघांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. माझी गोष्ट मात्र तीच राहिली: पाटा वाईट, यादी चांगली. मला माहीत होतं, आणि तरी मी असं बोलले. यात मनाचा गोंधळ नव्हता. भित्रेपणा होता.

सप्टेंबर २०१९, गणेशोत्सव. आरतीनंतर एका नवख्या गृहस्थांनी मला यादी मागितली आणि मी सांगायला लागले. ती शेजारीच मोदकाची ताटली घेऊन उभी होती. मी "दोन स्टेपन्या, छपरावर तंबू" म्हणेपर्यंत ती ऐकत होती, मग ताटली ठेवून हळूच दुसऱ्या खोलीत गेली. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, गाडी तशीच्या तशी भरू या. त्याने का म्हणून विचारलं नाही.

आम्ही सिम्पसनचं सगळं सामान पुन्हा चढवलं, टाकी भरली, पाणी भरलं, आणि माती-खडी विकणाऱ्या एका वखारीच्या काट्यावर गाडी उभी केली. आमच्या गाडीला माणसं, इंधन, सामान सगळं धरून २९९० किलोंची परवानगी आहे. चिठ्ठीवर ३४१० होतं. चारशेवीस किलो जास्त. उसाच्या हंगामात हा आकडा अण्णांनी लिहिला असता तर आधी कुणाकडे बघितलं असतं, हे मला ठाऊक आहे. मी गाडीतून उतरून मागच्या चाकांकडे बघितलं. टायरची कूस फुगून आली होती.

त्या चिठ्ठीनंतर घरी एकेक वस्तू तोलली. छपरावरचा तंबू ६२ किलो. खणांची पेटी ७० किलो, रिकामी. जनरेटर २१. हाय-लिफ्ट जॅक १३, आणि तो वापरायचा धीर मला कधी झालेला नव्हता. वजन वाढलं म्हणून डिझेल जास्त लागायचं, म्हणून छपरावर आणखी ४० लिटर, म्हणजे डबे सोडून चौतीस किलो, आणि त्या चौतीस किलोंसाठी आणखी थोडं. जड गाडी वाळूत जास्त रुतायची, म्हणून सोडवायची साधनं वाढवायची. ज्या संकटासाठी मी भरत होते ते संकट मी भरूनच आणत होते.

पुढे २०२२ साली आम्ही कूपर क्रीकच्या काठी डिग ट्री बघायला गेलो. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडू पाहणारी बर्क आणि विल्स यांची मोहीम २० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून निघाली तेव्हा तिच्याबरोबर सुमारे वीस टन सामान होतं. दोन वर्षांचं अन्न, जेवायचं टेबल आणि खुर्च्या, आतषबाजीचे बाण, घंटा. मोहिमेचे बहुतेक उंट कराचीहून जहाजाने आलेले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. हे वाचताना ती मोहीम अचानक माझ्या अंगणात आली. एक वॅगन तर पार्कातून बाहेर पडायच्या आधीच मोडली. मग ओझं पेलेना म्हणून त्यांनी बॅलरनाल्डला काही सामान मागे टाकलं, आणि टाकलं काय, तर साखर आणि लिंबाचा रस. लिंबाचा रस स्कर्व्हीसाठी होता. पुढे त्याच मोहिमेतली मागाहून येणारी काही माणसं स्कर्व्हीने खंगून मेली. २१ एप्रिल १८६१ रोजी बर्क, विल्स आणि किंग उत्तरेहून परत या झाडापाशी पोहोचले, तेव्हा वाट बघणारी तुकडी त्याच सकाळी निघून गेली होती. बर्क आणि विल्स त्याच क्रीकच्या काठी मेले. किंगला यांद्रुवांधा लोकांनी सांभाळलं, म्हणून तो जगला. त्या लोकांना मासे कुठे मिळतात आणि नारदू ही वनस्पती विषबाधा न होता कशी खायची हे माहीत होतं.

त्या झाडाखाली मी बराच वेळ बसले. मला टेबलापेक्षा लिंबाच्या रसाने जास्त हलवलं. कारण तोवर मी दुसऱ्या टोकाला गेले होते. काट्यानंतरच्या पहिल्याच सहलीत मी इतकं काढलं की हवा भरायचा पंपही घरी राहिला. वाळूत हवा कमी केलेल्या टायरवर पुढच्या गावापर्यंत दगडगोट्यांतून रांगत जावं लागलं. भीतीने भरणं आणि लाजेने काढणं, दोन्ही वेळा मी विचार केलेला नव्हता.

आता पाणी मी पूर्वीपेक्षा जास्त नेते. दोघांना ६० लिटर, आणि एका टाकीत नाही, चार डब्यांत, म्हणजे एक फुटला तरी तीन राहतात. आधी ४० नेत होते, कारण जनरेटरला जागा हवी होती. सॅटेलाइट फोन आहे. उपग्रहामार्फत कॅनबेराच्या बचाव केंद्राला संकटाचा संदेश देणारा हाताएवढा बीकन माझ्या अंगावर असतो, गाडीत नाही. फावडं, फळ्या, पट्टा, पंप, पंक्चर काढायचं सामान, औषधं, झेंड्याची काठी आहेत. तंबूऐवजी जमिनीवर स्वॅग, म्हणजे कॅनव्हासची वळकटी. लाकडाचा ठोकळा. पुढचा लोखंडी बंपर ठेवावा की नाही यावर घरात एकमत नाही. संध्याकाळी कांगारू आडवे येतात, असं नवरा म्हणतो, आणि मग संध्याकाळी चालवायचंच कशाला, असं मी म्हणते.

कुकर राहिला. त्यात डाळ लवकर होते, गॅस वाचतो. भाजणी आणि मेतकूट हलकं म्हणून नेते, पण कोरड्या शिध्याचं वजन शेवटी पाण्यात मोजावं लागतं, हे ध्यानात ठेवून.

नाशिकच्या त्या दोघांना मी २०१९च्या दिवाळीत घरी बोलावून काट्याची चिठ्ठी दाखवली आणि पाट्याबद्दल मी काय बोलत आले ते सांगितलं. त्याने चिठ्ठी वाचून घडी करून परत दिली. ती रडली. दुरुस्तीच्या खर्चात वाटा घ्या म्हणून मी किती विनवलं, त्यांनी घेतला नाही. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आमचं बोलणं सणापुरतंच होतं. मला ते पटत होतं.

गेल्या महिन्यात तिचाच फोन आला. त्यांना पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅनिंग स्टॉक रूटवर जायचंय. विलुना ते हॉल्स क्रीक, सुमारे १८५० किलोमीटर, सिम्पसनपेक्षा किती तरी लांब आणि एकाकी. म्हणाली, "ताई, यादी पाठवा ना." मी म्हटलं, यादी नाही. गाडी रिकामी करून या, काटा मागवून ठेवते, एकेक वस्तू हातात घेऊ. ते आले. अंगणात सतरंजी टाकून दिवसभर बसलो. संध्याकाळी त्याने दुसरी स्टेपनी तोलली, ३८ किलो. एवढ्या लांबच्या वाटेवर ती हवी की नको, असं त्याने विचारलं. मी दोन्ही बाजूंनी बोलून बघितलं आणि शेवटी त्याला सांगितलं की माझं अजून ठरलेलं नाही. ती स्टेपनी आमच्या ओसरीत भिंतीला टेकून ठेवली आहे. पुढच्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत.