लिहिलेली प्रार्थना

प्रार्थना हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. अभंग, आरती, स्तोत्र, उपासनागीत यांची चर्चा होते; कारण त्यांना छंद आहे, परंपरा आहे आणि ती म्हणणारा समाज आहे. परंतु एका माणसाने एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट अडचणीत, देवाला उद्देशून गद्यात लिहिलेला मजकूर कोणत्या कप्प्यात घालायचा? तो पत्रासारखा असतो, पण त्यावर पत्ता नसतो. तो रोजनिशीसारखा असतो, पण दुसरे कोणीतरी वाचते आहे या विश्वासाने लिहिलेला असतो. गेली काही वर्षे आम्ही असा मजकूर लिहीत आलो आहोत. त्याचा आदर्श म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहिता. हा आदर्श आम्हांला कोठवर पुरला आणि कोठे अपुरा पडला, याचा हिशेब मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही ज्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, तेथे उत्स्फूर्त प्रार्थनेला मान होता. डोळे मिटून, आधी न ठरवता, आत्म्याने सुचवलेले बोलावे. कागदावरून वाचलेली प्रार्थना ती शिळी, अशी सर्वसाधारण समजूत होती. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. मात्र ज्याने अशा सभांना वर्षानुवर्षे हजेरी लावली आहे त्याला हेही ठाऊक असते की उत्स्फूर्त प्रार्थनेची स्वतःची एक घोटलेली भाषा तयार होते. चरणांशी लीन होणे, आशीर्वादांचा वर्षाव मागणे, आजवर सांभाळल्याबद्दल आभार मानणे, हे शब्द जिभेवर इतके सरावाने येतात की बोलणाऱ्याच्या मनात त्या दिवशी काय चालले होते याचा पत्ता ते लागू देत नाहीत. लिहिताना मात्र हात थांबतो. ‘आशीर्वाद’ हा शब्द कागदावर आला की पुढे विचारावे लागते : कोणता?

लेखी प्रार्थनेची परंपरा तशी जुनी आहे. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने आपल्या प्रार्थनांचा संग्रह ११०४ च्या सुमारास टस्कनीची सरदारीण माटिल्डा हिला पाठवला, तेव्हा सोबत वाचण्याची रीतही कळवली. गडबडीत वाचू नये, भराभर वाचू नये, आरंभापासूनच वाचावे असे बंधन नाही, असा त्या सूचनेचा आशय. इंग्लंडचा बिशप लान्सलॉट अँड्र्यूज १६२६ मध्ये वारला. त्याने ग्रीक, लॅटिन आणि हिब्रू भाषांत स्वतःपुरत्या लिहिलेल्या प्रार्थना त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या. त्यांत स्वतःचे म्हणावे असे वाक्य क्वचित सापडते. बहुतेक विणकाम शास्त्रवचनांच्या धाग्यांचे आहे. आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सन तर साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा. १७५० मध्ये ‘रॅम्बलर’ सुरू करताना, १७५२ मध्ये पत्नी वारल्यावर, १७५३ मध्ये कोशाचा दुसरा खंड हाती घेताना त्याने प्रार्थना लिहून काढल्या. १७८४ मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी त्या पुस्तकरूपाने आल्या. निबंधांतून ठाम मते देणारा हा लेखक प्रार्थनेत मात्र स्वतःच्या आळसाची तक्रार पुनःपुन्हा करतो. त्याच्या चरित्रात सहसा न दिसणारा एक भित्रा माणूस तेथे भेटतो.

या सर्वांच्या मागे स्तोत्रसंहिता उभी आहे. दीडशे स्तोत्रे, पाच भागांत विभागलेली. यांतील मोठा वाटा स्तुतीचा असेल अशी न वाचणाऱ्याची कल्पना असते. प्रत्यक्षात तक्रारीची स्तोत्रे संख्येने फार मोठी आहेत. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल याने विसाव्या शतकाच्या आरंभी स्तोत्रांची प्रकारवार वर्गवारी केली, तेव्हापासून ‘व्यक्तीचे विलापस्तोत्र’ हा प्रकार सर्वमान्य झाला. त्याचे साधारण पाच अवयव सांगता येतात : देवाला हाक, गाऱ्हाणे, मागणे, विश्वासाची कबुली आणि शेवटी स्तुतीचे वचन. क्रम मागेपुढे होतो, एखादा अवयव गळतो. पण सांगाडा ओळखू येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटचे दोन्ही अवयव टाकून देते. त्याचा मूळ हिब्रूतील अखेरचा शब्द अंधाराचा आहे आणि त्यानंतर काही नाही. ज्यांनी ही संहिता संपादित केली त्यांनी त्या स्तोत्राला सांत्वनाचे शेपूट जोडले नाही, याचे आम्हांला नेहमी नवल वाटत आले आहे.

आम्ही लिहू लागलो तेव्हा हा सांगाडाच प्रथम उचलला. त्यातून दोन गोष्टी शिकलो. पहिली हिब्रू काव्याच्या जोडओळीची. रॉबर्ट लाउथ याने १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत या समांतरतेला नाव दिले. पुढे जेम्स क्यूगेल याने १९८१ मध्ये असे दाखवून दिले की दुसरी ओळ पहिलीची निव्वळ पुनरुक्ती नसते, ती एक पाऊल पुढे जाते. लिहिणाऱ्याला हा मोठा धडा आहे. पहिले वाक्य आपल्याला जे माहीत असते ते सांगते. दुसऱ्या वाक्याला तेच पुन्हा सांगता येत नाही म्हणून ते आत शिरते. ‘आम्ही काळजीत आहोत’ असे लिहिल्यावर खाली काय लिहायचे? ‘रात्री दोनदा उठून तिचा श्वास ऐकतो’ हे दुसरे वाक्य आल्यावर पहिले खोडता येते.

दुसरी गोष्ट अक्षरांची. विलापगीत या पुस्तकातील पहिली चार गीते हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. उद्ध्वस्त यरुशलेमेवरचा आक्रोश आणि त्याला मुळाक्षरांची शिस्त! आरंभी हा खेळ वाटतो. नंतर कळते की ज्या दुःखाला अंत दिसत नाही त्याला अक्षरमाला निदान एक शेवट देते. आम्ही ‘क’पासून तसा प्रयत्न केला. मराठीत अडचण लवकर येते. ङ, ञ, ण आणि ळ यांनी आपल्याकडे शब्द सुरू होत नाहीत. त्या चार जागी आम्ही ओळ कोरी ठेवली, आणि म्हणताना तेवढा वेळ गप्प राहिलो. अनुवादकाला ज्या ठिकाणी हार मानावी लागते तेथे प्रार्थना करणाऱ्याला विश्रांती मिळते, असा अनुभव आला.

हे सारे शिक्षण ज्या प्रसंगी पणाला लागले तो प्रसंग सांगणे भाग आहे. आमची आई पक्षाघाताने चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. शेवटच्या काही महिन्यांत वाचा गेली, गिळणे कठीण झाले, पाठीला जखमा झाल्या. मंडळीतील वडीलधारी माणसे भेटीस येत, खाटेभोवती उभी राहत आणि तिला उठव, पूर्ववत चालती कर, असे मागत. त्यांचे प्रेम खरे होते. पण ती मागत असताना आईच्या डोळ्यांत जे दिसे ते पाहवत नसे. तिच्यासाठी जे मागावेसे वाटत होते ते मोठ्याने उच्चारण्याची आमची छाती नव्हती.

म्हणून आम्ही शास्त्रात आधार शोधू लागलो. स्वतःसाठी मरण मागणारे तेथे पुष्कळ आहेत. मोशे लोकांच्या ओझ्याने वैतागून मागतो, एलिया रानात झुडपाखाली बसून मागतो, योना रुसून मागतो. ईयोब आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. वैऱ्याचे मरण मागणाऱ्या स्तोत्रांचीही वाण नाही. दावीद आपल्या आजारी लेकरासाठी उपाशी राहून जमिनीवर पडून राहतो, पण तो मागतो ते जीवन. प्रेमाच्या माणसासाठी, कळवळ्यापोटी मृत्यू मागणारी प्रार्थना मात्र आम्हांला सापडली नाही. प्राचीन ग्रंथाने आम्हांला पाचही अवयवांचा सांगाडा दिला होता. मधल्या अवयवात घालायचे मागणे मात्र आमचे आम्हांलाच लिहायचे होते.

एकच ओळ अनेक रात्री लिहिली. पहिला खर्डा असा होता : ‘देवा, आता पुरे कर.’ दुसऱ्या दिवशी वाचताना प्रश्न पडला, पुरे कोणाचे? तिचे सोसणे की आमचे जागरण? बोललेल्या प्रार्थनेत हा प्रश्न निसटून गेला असता. कागदावर तो क्रियापदाच्या शेजारीच बसून राहिला. पुढचा खर्डा असा झाला : ‘ती थकली आहे. आम्हीही थकलो आहोत. आमचे थकणे यात मोजू नकोस. तिला घेऊन जा.’ हे मागणे पूर्णपणे निर्मळ होते असा दावा नाही. पण त्यातील मळ कोठे आहे हे देवापुढे दाखवता आले, आणि स्तोत्रकारांनी दिलेली मोकळीक हीच असावी. एकोणचाळिसावे स्तोत्र तर देवाला आपल्यावरची नजर काढून घे असेही सांगते. शुद्ध होऊन मग बोलायला या, अशी अट तेथे कोणी घातलेली दिसत नाही.

मराठीने या लेखनात आणखी एक पेच टाकला. आपण देवाला ‘तू’ म्हणतो आणि आईलाही ‘तू’ म्हणतो. ‘आलास’ आणि ‘आलीस’ यांत लिंगभेद कळतो. ‘ऐक’, ‘ये’, ‘थांब’ या आज्ञार्थी रूपांत तो नसतो. वहीतील काही ओळी आज वाचताना त्या कोणाला उद्देशून आहेत हे आम्हांला सांगता येत नाही. हिब्रूत करुणेसाठी जो ‘रहमीम’ शब्द आहे त्याचे नाते ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी आहे; आपल्या परिचयाचा ‘रहम’ त्याच सेमिटिक धातूकडून अरबीवाटे आलेला. शुभवर्तमानांत येशूला लोकांचा कळवळा आला असे सांगताना जे ग्रीक क्रियापद वापरले आहे ते आतड्यांवरून बनलेले आहे. आतडे तुटणे, पोटात कालवणे हे आपले वाक्प्रचार त्याच्या किती जवळचे! दया आणि अनुकंपा या शब्दांनी देवाला दूर उभे केले होते. आतड्याची भाषा वापरताच तो खाटेजवळ आला, निदान वाक्यात तरी आला.

मराठी ख्रिस्ती लेखनाला ही भाषा परकी नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले, १९२४ मध्ये त्यांच्या पश्चात छापून पूर्ण झालेले बायबलचे भाषांतर सामान्य स्त्रीलाही कळावे या हट्टातून आलेले आहे. नारायण वामन टिळकांनी तुकोबांना आपल्या ख्रिस्तापर्यंतच्या वाटेवरचा पूल मानले, आणि देवाशी भांडण्याची वारकऱ्यांची रीत त्या पुलावरून आमच्या उपासनेत आली. ज्याच्याशी नाते असते त्याच्याशीच भांडता येते, हे तुकोबा वाचलेल्याला दावीदाकडून शिकावे लागत नाही. दावीद वाचताना त्याची ओळख पटते एवढेच.

ती प्रार्थना लिहून झाल्यावर नवव्या दिवशी पहाटे आई गेली. यावरून काही सिद्ध होते असे आम्ही मानत नाही. डॉक्टरांनी त्याच सुमाराचा अंदाज दिला होता. स्तुतीचा पाचवा अवयव तेव्हा लिहिता आला नाही. त्याच्यासाठी सोडलेली अर्धी बाजू वहीत तशीच राहिली.

पुढे दोन वर्षांनी नात्यातल्या एका गृहस्थांनी, त्यांचे वडील तशाच अवस्थेत असताना, ती प्रार्थना उतरवून मागितली. आम्ही संकोचलो. ती आमच्या आईपुरती होती, तिच्यात तिच्या खाटेचा, तिच्या खोलीचा उल्लेख होता. मग अँसेल्म आठवला. आणि दावीदाच्या नावावर चालणारे ‘मी’ हे सर्वनाम किती पिढ्यांनी आपापल्या तोंडी घातले तेही आठवले. आम्ही वही दिली. त्यांनी वडिलांसाठी ‘तिला’च्या जागी ‘त्यांना’ केले, खोलीचे वर्णन बदलले, आमच्या थकण्याची ओळ तेवढी जशीच्या तशी ठेवली. परत आलेल्या वहीत त्यांची नक्कल घडी घालून ठेवलेली होती. तिच्या शेवटी, आमच्याकडे कोरी राहिलेल्या जागेशी जुळेल अशा ठिकाणी, त्यांनी आपल्या वडिलांच्या हातच्या लावलेल्या चिंचेबद्दल दोन वाक्ये आभार मानले होते. आमच्या आईच्या बाबतीत आभार कशाकशाचे मानायचे, याची यादी आम्ही त्या रात्री करू लागलो.