खिडकीजवळची जागा

मैत्रिणींनो, आपण बायका प्रवास करतो म्हणजे नेमक्या कुठं जातो हो? माहेरी, लग्नाला, नाहीतर कुणाच्या दहाव्याला. फार झालं तर वणीच्या सप्तशृंगीला. आणि गाडीत बसलो तरी मांडीवर पोर, पायाशी पिशव्या, लक्ष डब्याकडे. खिडकीजवळ दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं.

मी इथं भडगावात शाळेत अर्धवेळ शिकवते. पठार, घाट, किनारपट्टी हा धडा दरवर्षी माझ्याकडेच. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय?" नाही म्हटलं तिला. त्याच सुमारास भिशी लागली होती. ह्यांचं म्हणणं, घराला रंग देऊन घेऊ. मी म्हटलं, रंग पुढच्या वर्षीही देता येईल, पण सासूबाईंची सत्तरी उलटली आहे, त्यांच्या गुडघ्यांची हमी कोण देणार? दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच रत्नागिरीची तिकिटं काढून आले. तिथं ह्यांच्या जुन्या मित्राचं घर आहे.

दिवाळीच्या सुटीत निघालो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मित्राकडे द्यायला बिबडे. (दशमी दुधात भिजवा, दोन दिवस मऊ राहते. पाण्यात भिजवलेली भाकरी प्रवासात नेऊ नका.) चाळीसगावला एस.टी.तून उतरून गाडीत चढलो आणि मी सरळ खिडकी पकडली. मुलं कुरकुरली. कुरकुरू दिली.

आपली काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, डावीकडे सातमाळ्याच्या डोंगररांगा. मनमाड मागं पडलं, लासलगावचा कांदा गेला, निफाडच्या छाटलेल्या द्राक्षबागा गेल्या. इगतपुरीजवळ भातखाचरं दिसू लागली आणि हवा गार झाली. मग थळ घाट. हा रेल्वेचा घाट १८६५ मध्ये सुरू झाला. चढ इतका की सदतीस फुटांमागं एक फूट वर जावं लागतं. कसाऱ्याहून वर येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. बोगद्यातून बाहेर पडलं की दरी, की पुन्हा अंधार. फळ्यावर खडूनं मी जी वाकडी रेघ सह्याद्री म्हणून काढत आले, ती ही!

ठाण्याला गाडी बदलली. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. त्यात मुलाच्या मोबाइलची रेंज गेली, तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

मला सगळ्यात मौज वाटली ती घरांच्या छपरांची. आपल्याकडे जुनी धाब्याची घरं, वर सपाट माती, उन्हाळ्यात तिथंच अंथरूण टाकायचं. कोकणात कौलं, तीही चांगली उतरती. कारण उघड आहे. आपल्या जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तर रत्नागिरीकडे ३,००० च्याही वर. धाब्याचं घर तिथं एक श्रावण टिकायचं नाही.

भाट्याच्या किनाऱ्यावर सासूबाईंनी लुगडं सावरलं, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकल्या. "हाई ते खारं शे!" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आपली गिरनामाय बी आठेच येस का वं?" मी सांगितलं, येते. गिरणा तापीला मिळते, तापी सुरतेवरून ह्याच समुद्राला. त्यांनी हात जोडले. मीही जोडले, धड्यात हे कुठं लिहिलेलं नसलं तरी.

रात्री मित्राच्या पत्नीशी बोलत बसलो. मला वाटलं होतं, एवढ्या पावसाच्या मुलखात बायकांना पाण्याची ददात नसणार. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या वाडीत मे महिन्यात या. पऱ्ह्यात खड्डा करून वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो." डोंगरापासून समुद्र फार लांब नाही, नद्या आखूड, उतार तीव्र. पडलेलं पाणी पळून जातं. उरलेलं जांभ्या दगडातून झिरपतं. सासूबाईंनी लगेच आपल्या झिऱ्यांचं सांगितलं. १९६९ मध्ये गिरणा धरण झालं, त्याआधी नदीच्या वाळूत उकरून पाणी काढायचं, पहाटे चार वाजता नंबर लावायचा. दोघींची ओळख जेमतेम एका दिवसाची, एकीची अहिराणी, दुसरीची कोकणी ढंगाची मराठी, पण हंड्यावर बोलताना एक शब्द अडला नाही. धरणाचं आवर्तन लांबलं की आपल्याकडे काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

बिबडे तिथं ठेवून आलो. येताना वहिनींनी आमसुलं बांधून दिली. परतीच्या फलाटावर सासूबाई रुळांकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हाई गाडी आखो पुढे कोठे जास?" मी म्हटलं, गोव्याला, आणि तिथून मंगळूरकडे. त्या काही बोलल्या नाहीत.

यंदाची भिशी मी अजून उचललेली नाही.