मोटारीचा आकडा

ज्या वस्तूंवाचून आपले अडते त्यांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मोटेचे दिवस होते तेव्हा धावेवरून उतरणारे बैल सर्वांस दिसत, थारोळ्यात कोसळणारे पाणीही दिसे. पण नाडा जेथे जुवाला बांधलेला असे ती गाठ फक्त मोट हाकणाऱ्याच्याच लक्षात असे. रोज पहाटे बैल जुंपण्यापूर्वी तो प्रथम तीच चाचपून पाही. मोटा गेल्या, पंप आले. ती गाठ मात्र अजून आपल्यात आहे. ट्रॅक्टरच्या मागे आणि मोटारीच्या पुढे ती आता लोखंडी आकड्याच्या रूपाने बसली आहे, आणि तिला चाचपून पाहणारे हात कमी झाले आहेत.

धर्मगुरूने मोटारीच्या आकड्याविषयी काय लिहावे, असे कोणी म्हणेल. परंतु हुमनाबादसारख्या गावी राहणाऱ्यास ह्या विषयापासून दूर राहता येत नाही. पुण्याहून सोलापूर, उमरगा करीत हैदराबादेस जाणारा महामार्ग आमच्या गावावरून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक 9 होता, आता 65 आहे. बिदरच्या पठारावर तांबडी जांभ्याची भूमी आहे. आमच्याकडे शेताशेतांतून काळी, चिकण माती. पावसाळ्यात डांबर सोडून चाक दोन हात खाली उतरले की ही माती ते सोडीत नाही. मग हाका सुरू होतात, शेतातला ट्रॅक्टर येतो, साखळी येते, आणि बघता बघता पंचवीस माणसे गोळा होतात. त्यांत मुले पुढे असतात.

गेल्या पावसाळ्यात अशी एक मोटार रुतली की तिला पाहण्यासाठीच निम्मे गाव लोटले. ती बुटकी, उघडी, लांब नाकाची, दोन माणसांची शर्यतीची मोटार होती. म्हणजे खरी नव्हे, प्रतिकृती. ह्या जातीची मूळ मोटार इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन ह्या अभियंत्याने 1957 मध्ये काढली. तिचे नाव लोटस सेव्हन. तिचे सारे रहस्य हलकेपणात होते. बारीक नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यावर पातळ आवरण, आणि एकंदर वजन सुमारे पाचशे किलो. लोटस कंपनीने ती बनविणे सोडल्यावर 1973 मध्ये केटरहॅम ह्या दुसऱ्या इंग्रजी कंपनीने तिचे हक्क घेतले, आणि जगभर तिच्या नकला निघू लागल्या. आपल्याकडेही ह्या शतकाच्या आरंभी चिंकारा मोटर्स ह्या कंपनीने अलिबागजवळ त्याच धर्तीची मोटार बांधली. तिला अँबॅसडरमध्ये बसे तेच इसुझू बनावटीचे 1.8 लिटरचे इंजिन होते, आणि अंग फायबरचे होते. आमच्याकडे रुतलेली मोटार मात्र कोणा हौशी गृहस्थाने स्वतः उभी केलेली होती. दिसावयास ती मोठी देखणी होती. तिला ओढावे कोठून, एवढेच तिच्या कर्त्याने ठरविलेले नव्हते.

ट्रॅक्टरवाल्याने नाकाखाली हात घालून जे हाताला लागले त्यास दोर बांधला. ते फायबरला आतून चिकटविलेले एक लोखंडी कडे होते. पहिल्याच हिसक्यास कडे, नाक आणि एक दिवा असे तिन्ही मिळून बाहेर आले. मोटार होती तेथेच राहिली.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची वीण आणि तिच्यात मुरविलेली राळ. वारा, पाऊस, पसरलेला भार हे सर्व ते उत्तम सोसते. त्याच्यापासून नौका होतात, पाण्याच्या टाक्या होतात. परंतु सारा ताण एकाच भोकाच्या कडेवर आला की तंतू एकामागून एक तुटतात आणि चीर पळत सुटते. पातळ पत्र्याचेही तेच. म्हणून आकडा अंगाला लावावयाचा नसतो. तो हाडाला लावावयाचा असतो, आणि मोटारीचे हाड म्हणजे तिचा सांगाडा.

शेवटी दहा-बारा जणांनी मोटार उचलून डांबरावर ठेवली. पाचशे किलोंचा तेवढा लाभ झाला. मालकाने ती महामार्गावरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात नेली. दुकानाचा मालक तिशीतला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला, आमच्या ओळखीचा. तेथे दीड दिवस काम चालले. सवड काढून त्यातील बराच वेळ मी लोखंडी स्टुलावर बसून पाहत होतो.

मालक म्हणाले, "चांगला जाडजूड आकडा ठोकून दे." त्याने मान हलविली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "फादर, आकडा कसलाबी असू द्या. तो कशाला धरून आहे ते बघावं लागतंय."

त्याने प्रथम नाक पूर्णपणे उतरवून घेतले आणि सांगाडा घासून उघडा केला. नळीचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर होता. अशा नळीच्या मध्यावर जाड कडे जोडले तर ओढताना नळीच वाकेल. म्हणून जेथे तीन-चार नळ्या एकत्र येतात ते सांधे त्याने दोन्ही अंगांस शोधले. त्या दोहोंच्या मध्ये जाड चौकोनी नळीचा एक आडवा दांडा बसविला आणि त्याची टोके रुंद पट्ट्या देऊन सांध्यांस जोडली, म्हणजे ताण एका जागी न राहता दोन्ही बाजूंस वाटला जाईल. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडविल्या. पातळ नळी आणि जाड पट्टी जोडताना फार सावध राहावे लागते, असे त्याने मला समजावून सांगितले. उष्णता जाडीत मुरते आणि पातळ भाग जळून जातो. आणि जळू नये म्हणून हात आखडला तर जोड वरवर चिकटतो, आत उतरत नाही. दिसावयास दोन्ही जोड सारखेच.

मग आठ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत गोल भोक पाडून त्याच्या कडा कानशीने गुळगुळीत केल्या, कारण धारदार कड दोराला सुरीसारखी कापते. ती पट्टी दांड्यास चार बोल्टांनी आवळली. पोकळ दांडा आवळताना चेपू नये म्हणून बोल्टांसाठी त्यात आरपार लहान नळकांडी बसविली होती, आणि मागच्या बाजूस दुसरी पट्टी दिली होती. बोल्टाच्या माथ्यावर 8.8 असा आकडा कोरलेला होता. वाचकांनी हा आकडा ओळखून ठेवावा. बारा मिलिमीटरचा 8.8 प्रतीचा एक बोल्ट सरळ ताणात सुमारे पाच टन पेलतो. त्याच जाडीचा 4.6 प्रतीचा साधा बोल्ट जेमतेम दोन टन. बाजारात दोन्ही एकाच परातीत पडलेले असतात.

पाचशे-सहाशे किलोंच्या मोटारीस इतके बळ कशाला, असे मी विचारले. सपाट डांबरावर ती मोटार एक मनुष्यही ढकलू शकतो. पण चिखलात रुतलेली मोटार तिच्या वजनाइतका, कधी त्याहूनही अधिक ताण मागते. आणि हिसका बसला तर हिशेबच बदलतो. दोन टनांचा ट्रॅक्टर ढिली साखळी मागे ठेवून ताशी पाच किलोमीटर वेगाने निघाला, आणि साखळी ताणली जाऊन पाच सेंटिमीटरांत थांबला, तर त्या क्षणी आकड्यावर सरासरी चार टनांचा ताण येतो. तोच ताणला जाणारा नायलॉनचा दोर अर्धा मीटर लांबला, तर चारशे किलोंत काम भागते. आकडा मोडतो तो बहुधा वजनाने नव्हे, घाईने. म्हणून प्रथम दोर हळूहळू ताणून घ्यावा, मग ओढावे. आणि शक्य तितके सरळ रेषेत ओढावे, कारण तिरक्या ओढीने पट्टी वाकते.

काम झाल्यावर त्याने जोडांवर चुना फासला. मला ते नवल वाटले. मग चेन-कप्पी लावून मोटार मागून एका खांबास जखडली आणि पुढून आकडा हळूहळू ताणला. लोखंड आपली मर्यादा ओलांडून ताणले गेले तर वरचा वाळलेला चुना तडकून गळतो. डोळ्यांस न दिसणारे तो दाखवितो. पाव तास ताण ठेवला. उजवीकडच्या एका पट्टीवर चुन्याची बारीकशी खपली उडाली. मालकांस ती दिसली नव्हती. ते निघण्याच्या घाईत होते. त्याने तो जोड कापून काढला, पुन्हा भरला, पुन्हा चुना लावला, पुन्हा ताणला. सायंकाळ झाली. ह्या वाढीव कामाचे पैसे त्याने मागितले नाहीत. नंतर नाक चढले, पुढच्या जाळीच्या फटीतून आकड्याचे तेवढे टोक बाहेर राहिले आणि बाकी सर्व झाकले गेले.

तो जोड पुन्हा कोणीही पाहणार नव्हते. पण एखाद्या पावसाळी सायंकाळी, कोठल्या तरी अनोळखी गावात, त्याच्यासमोर मुले उभी असणार होती.

हे मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागात उसाची ट्रॉली ओढताना पातळ पत्र्यावर जोडलेला आकडा उपटून निघाला. ताणलेल्या दोराने तो गोफणीतल्या दगडासारखा फेकला, आणि तो एका म्हाताऱ्याच्या कानाजवळून जाऊन निंबाच्या खोडात रुतला. निंबाची ती खूण मी पाहिली आहे. चार बोटे अलीकडे काय झाले असते, हे सांगावयास नको.

म्हणून शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मोटारीस पुढे आणि मागे ओढण्याची कडी सक्तीची असते, आणि ती पिवळी, लाल किंवा नारिंगी रंगवावी लागते, म्हणजे मदतीस धावणाऱ्यास ती शोधावी लागत नाही. अलीकडे मात्र ह्याच लाल रंगाचे प्लास्टिकचे खोटे आकडे शोभेसाठी विकत मिळतात आणि तरुण मंडळी ते हौसेने चिकटवितात. शोभा म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु अडचणीच्या वेळी अंधारात येणारा उपकारकर्ता त्यालाच खरा समजून दोर बांधील.

ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी एकदा तिचे पुस्तक उघडून पाहावे. पुष्कळ मोटारींत ओढण्याची कडी जॅकजवळ हत्यारांत ठेवलेली असते, आणि बंपरवरचे लहान झाकण काढून ती आत पूर्ण फिरवून बसवावयाची असते. अर्धी फिरवून ओढू नये. बंद पडलेली मोटार रस्त्यावरून ओढून नेताना दोन वाहनांत पाच मीटरांहून अधिक अंतर नसावे, दोर सर्वांस दिसावा, आणि मागच्या मोटारीत परवाना असलेला चालक बसलेला असावा. ट्रॅक्टरवाल्यांनी आपल्या आकड्याखालचा जोड पावसाळ्यापूर्वी घासून पाहावा. ओढताना दोराच्या मध्यावर भिजलेले गोणपाट टाकावे. दोर तुटला तर त्याचा वेग ते खाली ओढते. आणि दोर ताणण्यापूर्वी मुलांना दोराच्या लांबीहूनही दूर उभे करावे. ती रागावतील, पण घरी येतील.