आजोबांच्या नावातला ळ

दिल्लीला आलात की लाल किल्ला आणि कुतुबमिनार तुम्ही बघालच. आज मी तुम्हाला जरा वेगळ्या फेरीवर नेते. ही फेरी माझ्या मैत्रिणीमुळे घडली. तिचे आजोबा मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती. नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथेच राहिले. गेल्या वर्षी ते गेले. दफनानंतर माती बसायला काही महिने लागतात, म्हणून कबरीवर दगड लगेच लावत नाहीत. ते महिने संपले आणि घरात वाद सुरू झाला. दगड कोणता घ्यायचा? त्यावर काय लिहायचं, आणि कोणत्या भाषेत?

काकूंना, म्हणजे मैत्रिणीच्या आईला, पांढरा संगमरवर हवा होता. मामा म्हणत होते, काळा ग्रॅनाइट. मी म्हटलं, आधी जुने दगड बघून येऊ. कुठला दगड किती टिकतो, हे दुकानदारापेक्षा दिल्ली जास्त खरं सांगेल.

पहिल्यांदा गेलो कश्मीरी गेटला. मेट्रो स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर निकल्सन दफनभूमी आहे. १८५७ च्या लढाईत जखमी होऊन २३ सप्टेंबरला मेलेला ब्रिटिश अधिकारी जॉन निकल्सन इथे पुरलेला आहे, त्याच्यावरूनच हे नाव. खरं सांगायचं तर आम्हाला निकल्सनशी काही देणंघेणं नव्हतं. आम्ही बघत होतो त्या आसपासच्या साध्या कबरी. संगमरवरावरची जुनी अक्षरं इतकी झिजलेली, की बोट फिरवून वाचायला लागतात. वाळूच्या दगडाचे तर पापुद्रे निघतात, आणि पापुद्र्याबरोबर नावही जातं.

कारण सोपं आहे. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. हवेतल्या धुराने पावसाच्या पाण्यात आम्ल उतरतं आणि ते त्याला हळूहळू खातं. दिल्लीची हवा तुम्हाला माहीत आहेच. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतात, त्यांच्यावर या आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. काकू तिथे काही बोलल्या नाहीत. पण एका कबरीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. नाव गेलं होतं, फक्त एक साल उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी निजामुद्दीन. दर्ग्याच्या आवारात शाहजहानची मुलगी जहाँआरा हिची कबर आहे. ती १६८१ साली गेली. चांदणी चौक वसवणारी ही शाहजादी, पण तिच्या कबरीवर छत नाही. संगमरवरी जाळीच्या आत उघड्यावर कबर, वर माती आणि गवत. माझ्यावर गवताशिवाय दुसरं काही पांघरू नका, अशा अर्थाचा फारसी लेख शेजारच्या शिळेवर आहे. मैत्रीण म्हणाली, “आजोबांनासुद्धा हे आवडलं असतं. खर्चही वाचला असता!” काकू पहिल्यांदाच हसल्या.

मजकुराचा प्रश्न मात्र तसाच होता. मामांनी बायबलमधलं वचन, चार ओळींची कविता, सगळ्या नातवंडांची नावं, असं बरंच काही लिहून आणलं होतं. मग मी त्यांना युद्धातल्या कबरींची गोष्ट सांगितली. दिल्ली छावणीत ब्रार स्क्वेअरला कॉमनवेल्थच्या सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे ज्या कमिशनकडे देखभाल आहे, त्यांचा नियम असा की जनरल असो की शिपाई, दगडाचा मान सारखाच. पहिल्या महायुद्धानंतर घरच्यांना दगडावर स्वतःचे शब्द लिहायला फक्त ६६ अक्षरं मिळायची. दोन शब्दांमधली मोकळी जागाही त्यात मोजायचे. मामांनी कागद घेतला आणि खोडायला सुरुवात केली.

ग्रॅनाइटवर कोरलेलं नाव कसं दिसतं, ते बघायला इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेलो. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं. तिथल्या त्याग चक्राच्या भिंतींवर प्रत्येक शहिदासाठी ग्रॅनाइटची वेगळी पाटी आहे. नाव, हुद्दा, रेजिमेंट, सगळं सोनेरी अक्षरांत. आपल्या गावाबाहेर वीरगळ असतात ना, त्यांवर बहुधा चित्रंच असतात, नाव सापडत नाही. इथे पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. तुमच्या गावचा कुणी जवान असेल तर नक्की शोधा. प्रवेश मोफत आहे.

तिथेच काकूंनी ठरवलं, ग्रॅनाइट. आणि मराठीत.

मंगोलपुरीच्या दगड बाजारात गेल्यावर कळलं, की काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतोच. पण टिकायला पक्का, म्हणून चालतो. तुम्हाला कधी घ्यावा लागला तर दोन गोष्टी आधी करा. दफनभूमीच्या कार्यालयात उंची-रुंदीचा नियम विचारा, आणि अक्षरं किती खोल कोरणार ते विचारा. वरवर कोरून सोनेरी रंग भरला तर रंग काही वर्षांत उडतो. खोल कोरलं असेल तर रंग गेला तरी नाव राहतं.

तिसरी गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलोच होतो. कोरण्याआधी मजकूर कागदावर मागून घ्या. आमचा कागद आला तेव्हा आजोबांच्या आडनावातला ळ गायब होता. तिथे ल होता.

“मॅडम, एक ही बात है ना?” कारागीर म्हणाला. त्याची चूक नव्हती, हिंदीत हे अक्षर रोज लागतच नाही. पण काकूंचा आवाज चढला. “चाळीस वर्षं ऑफिसात सगळे त्यांना ल म्हणायचे. घरी येऊन ते रोज चिडायचे. आता दगडावर पण ल?”

मी मोबाइलवर ळ मोठा करून दाखवला. त्याने कागदावर तीनदा काढून बघितला, मग म्हणाला, “अच्छा, दो गोले.”

दगड बसवला त्या दिवशी काकूंनी आधी ळवर बोट फिरवलं आणि मग फुलं ठेवली. मामांच्या मजकुरातली एकच ओळ उरली होती. धुण्यासाठी साधं पाणी आणि मऊ ब्रश वापरा, ॲसिड अजिबात लावू नका, असं कारागिराने जाता जाता सांगितलं. मैत्रीण आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बादली घेऊन जाते.