आमचा बंद पडलेला खेळ

माझ्या डोक्यात गॅसचा ग्राहक क्रमांक राहत नाही. रेशनकार्ड कुठल्या खणात आहे तेही राहत नाही. लग्नाची तारीख राहते, पण ती डोक्यात नव्हे, पोटात. जवळ आली की तिथे गोळा येतो. मात्र एंगलबर्ट हंपरडिंक या इंग्रज गायकाचं खरं नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी, आणि तो १९३६ साली आपल्या मद्रासला जन्मला, हे तुम्ही मला रात्री दोन वाजता उठवून विचारलंत तरी बिनचूक सांगेन. अडचण एवढीच, की आजवर कुणीही रात्री दोन वाजता उठवून हे विचारलेलं नाही.

“हे डोकं आहे की रद्दीचं दुकान?” असं आमच्या सौभाग्यवती विचारतात. मला यात अपमान वाटत नाही. रद्दीच्या दुकानात निदान तराजू असतो आणि मालाला काहीतरी भाव येतो. इथे तेही नाही.

तर या दुकानातला माल मुख्यतः दोन प्रकारचा आहे. एक, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींनी अंगावरून उतरवून ठेवलेली नावं. दोन, ऑलिम्पिकवाल्यांनी काढून टाकलेले खेळ. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. आहे. जरा धीर धरा.

आधी नावं. या डॉर्सीने बरीच वर्षं ‘जेरी डॉर्सी’ या नावाने गाऊन पाहिलं. कुणी ढुंकून बघेना. तेव्हा त्याचा व्यवस्थापक म्हणाला, नाव बदल. आता नाव बदलायचं म्हणजे कुणीही शहाणा माणूस सोपं, सुटसुटीत नाव घेईल. यांनी घेतलं एंगलबर्ट हंपरडिंक! बरं, हे नाव रिकामंही नव्हतं. त्या नावाचा एक थोर जर्मन संगीतकार १८५४ ते १९२१ या काळात होऊन गेला होता, त्याची संगीतिका अजून रंगभूमीवर होते. म्हणजे आपल्याकडे एखाद्या जोशीबुवांनी ‘जोशी म्हणून गाणं चालत नाही, सोमवारपासून मी तानसेन’ असं जाहीर करावं, तसला प्रकार. पण चाललं! १९६७ साली याच्या एका तबकडीने खुद्द बीटल्सच्या तबकडीला इंग्लंडात पहिल्या नंबरावर चढू दिलं नाही. त्या बीटल्समधला रिंगो स्टार तरी कुठे स्टार होता? तो रिचर्ड स्टार्की.

क्लिफ रिचर्ड हाही आपल्याकडचाच. १९४० साली लखनौला जन्मला, नाव हॅरी वेब. गाणार होता रॉक, म्हणजे खडक, म्हणून ‘क्लिफ’ म्हणजे कडा हे नाव घेतलं. मराठीत हा कडेकर झाला असता. स्टिंगचं नाव गॉर्डन समनर. तरुणपणी तो काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालून वाजवायला यायचा, त्यावरून मित्रांनी त्याला नांगी चिकटवली ती कायमची. आमच्या वर्गातही स्वेटरवरून नावं पडत. ती घेऊन कुणी मैफल केल्याचं ऐकिवात नाही, आणि ती इथे छापण्यासारखीही नाहीत.

माझा सगळ्यांत लाडका एल्टन जॉन. मूळ रेजिनाल्ड ड्वाइट. बरोबरच्या दोन कलावंतांची नावं अर्धी-अर्धी कापून याने स्वतःचं शिवलं. पुढे १९७२ साली रीतसर कायदेशीर नाव बदलताना मधल्या जागी ‘हर्क्युलिस’ घातलं. हे हर्क्युलिस म्हणजे ग्रीक पुराणातले नव्हेत हं. इंग्लंडातल्या एका दूरदर्शन मालिकेत भंगारवाल्याच्या गाडीला जुंपलेला घोडा होता, त्याचं हे नाव. मधल्या जागी वडिलांचं नाव लावायची आपली पद्धत. याने घोड्याचं लावलं! आमच्या पिढीला हर्क्युलिस म्हटलं की घोडा आठवत नाही, सायकल आठवते. त्या सायकलीकडे पुढे यायचंच आहे.

आपल्याकडे मात्र नाव घ्यायचं नसतं, ते मिळावं लागतं. नारायण श्रीपाद राजहंस या पोराचं गाणं ऐकून लोकमान्यांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं, असं सांगतात. (मुळात आडनाव राजहंस असताना टोपणनावाची गरज काय, हे मला कधी कळलं नाही. आम्ही असतो तर तेवढ्यावर जन्म काढला असता.) त्यानंतर गंधर्वांचं पीकच आलं. सौदागर गोरे ते छोटा गंधर्व. शिवपुत्र कोमकली ते कुमार गंधर्व. आनंद भाटे लहानपणीच आनंद गंधर्व झाले. आणि कुंदगोळचे रामभाऊ ते सवाई गंधर्व. सवाई म्हणजे सव्वापट! मराठी माणूस कौतुकाने वेडा झाला तरी हिशेब सोडत नाही, तो असा.

काहींनी मात्र नावाचा पडदा केला. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर चाल द्यायला बसले की सी. रामचंद्र आणि माइकसमोर उभे राहिले की नुसते चितळकर. एकाच तबकडीवर दोन माणसं, आणि मानधनाच्या वेळी एकच. लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिलं. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभात आनंदघन यांच्या नावाचा पुकारा झाला आणि कुणी उठेचना. बाई आपल्या जागेवर शांत बसून. शेवटी आनंदघन म्हणजे कोण ते व्यासपीठावरून फोडावं लागलं, असं सांगतात. त्या मिनिटभरात त्यांना काय वाटलं असेल? आपलं कौतुक चाललंय, आणि आपण तिऱ्हाइतासारखं ऐकायचं. मला हा प्रसंग फार आवडतो. त्याचं कारणही पुढे येईल.

आता खेळ.

१९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसला ऑलिम्पिक झालं. त्यात पाण्याचा एक खेळ होता. काठावरून सूर मारायचा, आणि मग काहीही करायचं नाही. हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही. नुसतं पालथं पडून राहायचं. सूर मारल्याच्या जोरावर जो जास्तीत जास्त लांब तरंगत जाईल, तो जिंकला. वेळ साठ सेकंद. विल्यम डिकी नावाचा गृहस्थ ६२ फूट ६ इंच गेला आणि सुवर्णपदक घेऊन बाहेर आला. स्पर्धक पाच, पाचही अमेरिकन. हा खेळ त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये कधीच झाला नाही. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचं किती वाईट वाटत असेल! पहिला सूर नीट मारायचा आणि पुढे न हलता वाहत राहायचं, यात आमच्या खात्याने देशाला डझनावारी पदकं मिळवून दिली असती.

त्याच १९०४ मध्ये दोरावर चढायची स्पर्धा होती. आपल्याला दोराचं कौतुक कमी. दोरीचा मल्लखांब आपल्या घरचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी तिथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली होती. पण सेंट लुइसला दोरावर पहिला आलेला जॉर्ज आयझर पाहायला हवा होता. त्याचा एक पाय लाकडी होता. लाकडी पायाने माणूस दोर चढला हे एक वेळ समजू शकतं, कारण काम हातांचं. पण याने त्याच दिवशी लाकडी घोड्यावरून उडी मारायच्या स्पर्धेतही सुवर्णपदक घेतलं! धावत यायचं, उडायचं आणि पलीकडे त्या पायावर उतरायचं! एका दिवसात सहा पदकं, त्यांतली तीन सोन्याची. इथे मात्र विनोद करायला माझी जीभ रेटत नाही. दोराची स्पर्धाही नंतर बंद झाली. १९३२ ची शेवटची.

रस्सीखेचसुद्धा १९०० ते १९२० ऑलिम्पिकमध्ये होती. १९०८ ला लंडनमध्ये ब्रिटिश पोलिसांचेच संघ उतरले. लिव्हरपूलच्या पोलिसांनी अमेरिकनांना एका झटक्यात ओढलं, तेव्हा अमेरिकन म्हणाले, यांचे बूट बघा! पोलीस म्हणाले, आमचे रोजचे ड्यूटीचे बूट आहेत. अमेरिकन संघ रागावून निघून गेला. पोलिसांच्या बुटांबद्दल तक्रार करून कुठल्या देशात कुणाचं भलं झालंय?

आणि हो, १९८४ ते १९९२ या काळात ‘एकटीने करायचं समूहतालातलं जलनृत्य’ होतं. एकटीने कुणाशी ताल जमवायचा म्हणून लोक हसत. खरं उत्तर साधं आहे: संगीताशी. पण हसणारी माणसं उत्तरासाठी थांबत नाहीत.

संगीत निघालंच आहे, तर आता तो कबूल केलेला संबंध. १९१२ ते १९४८ या काळात ऑलिम्पिकमध्ये चक्क कलांच्या स्पर्धा होत्या. वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्र, शिल्प. पळणाऱ्याला पदक, तसं चाल बांधणाऱ्यालाही पदक. कल्पना खुद्द बॅरन कुबर्तँ यांची, म्हणजे ज्यांनी आधुनिक ऑलिम्पिक सुरू केलं त्यांची. १९१२ ला स्टॉकहोममध्ये साहित्याचं सुवर्णपदक खेळाची थोरवी गाणाऱ्या एका काव्याला मिळालं. कवी दोन: जॉर्ज होरोड आणि एम. एशबाख. हे दोघे कोण? होरोड आणि एशबाख ही कुबर्तँसाहेबांच्या बायकोच्या माहेरच्या मुलखातली दोन गावं! काव्य साहेबांचं स्वतःचं होतं. स्पर्धा यांची, कल्पना यांची, कविता यांची, आणि नाव मात्र सासुरवाडीचं. जावयाने सासुरवाडीचा एवढा मान राखल्याचं दुसरं उदाहरण माझ्या दुकानात नाही.

संगीताचे परीक्षक महा कडक. १९२४ ला पॅरिसमध्ये परीक्षक मंडळात स्ट्राविन्स्की, रॅव्हेल अशी बडी धेंडं होती. त्यांनी कुणालाच पदक दिलं नाही. १९३२ ला झेकोस्लोव्हाकियाच्या योसेफ सुकला रौप्य मिळालं, सुवर्ण कुणालाच नाही. म्हणजे दुसरा आला, पण कुणाच्या मागून? आपल्या वाचकाला हे नवं नाही. २०२२ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला गेला नव्हता, तेव्हा गावात किती दिवस चर्चा पुरली होती ते आठवा. पुढे कलावंत हे पोटासाठी कला करतात, म्हणजे हौशी खेळाडू नव्हेत, असं ठरून १९४८ नंतर ही स्पर्धाच गुंडाळली. त्या पदकांची आता देशांच्या पदकतालिकेत गणतीही होत नाही. पदक खरं, सोनं खरं, माणूस खरा. फक्त तक्त्यात रकाना नाही.

ही सगळी माहिती मी पूर्वी पंगतीत सांगत असे. जिलबी येईपर्यंत डॉर्सी, मठ्ठ्याला आयझर. लोक ऐकत. आता माझं वाक्य पुरं व्हायच्या आत नातू फोनमध्ये बघतो आणि म्हणतो, “बरोबर आहे, आजोबा.” चूक निघाली असती तरी चाललं असतं हो, पण हे ‘बरोबर आहे’ फार लागतं. हाही एक खेळच होता आमचा. तोही बंद झाला.

परवा त्याला म्हटलं, आता सांगतो ते शोधून दाखव. आमचे धाकटे मामा वाईला असत. आजोबांच्या जुन्या हर्क्युलिसवर ते सावकाश सायकलच्या शर्यतीत उतरत. अंतर शंभर फूट, पाय टेकायचा नाही, आणि जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला. मामा तीन वर्षं ओळीने पहिले. म्हणजे शेवटचे. पितळी पेला अजून मामींकडे आहे, त्यात त्या सुपारी ठेवतात. पुढे त्या मैदानावर मंगल कार्यालय झालं आणि शर्यत संपली.

ही १९६० च्या आसपासची गोष्ट. त्याच वेळी पसरणीचा घाट चढून वर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, झांजिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पियानो वाजवत होता आणि पोरं जमवून बँड करत होता. शाळेतली मुलं त्याला फ्रेडी म्हणू लागली होती. मर्क्युरी हे आडनाव त्याने पुढे इंग्लंडात घेतलं. घाटाच्या वर त्याचं नाव बदलत होतं, तेव्हा घाटाच्या खाली मामांचंही बदलत होतं. त्यांना गळा होता. पण मुलाने नाटकात गाणं आजोबांना मान्य नव्हतं. गाणं ऐकायचं ते दुसऱ्याच्या मुलाचं, असा त्या पिढीचा नियम. म्हणून ‘सौभद्रा’तला नारद मामांनी टोपणनावाने केला. ‘गंधर्व’ म्हणवून घ्यायची छाती नव्हती, ‘कुमार’वर भागवलं. पुढचं नाव सांगत नाही. मामांनी शपथ घातली होती.

नातवाने फोनमध्ये शोधलं. डिकीचे साडेबासष्ट फूट त्याला सेकंदात सापडले होते. इथे काही सापडेना. “मग पुढे?” त्याने फोन पालथा ठेवून विचारलं.

पुढे काय! आजोबा पहिल्या रांगेत बसून नाटक बघून आले. जटा, दाढी, वीणा, चिपळ्या. त्यांनी ओळखलं की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मामा पाटावर मान खाली घालून जेवत होते. मी शेजारीच होतो. आजोबा म्हणाले, “नारदाचं काम करणारा तो पोरगा फार गोड गायला. कुणाचा आहे?”

आजी भात वाढत होती. तिने मामांच्या पानात जरा जास्त तूप घातलं आणि म्हणाली, “असेल कुणाचा तरी.”