विकणाऱ्याची विद्या

ज्या वस्तूचे गुणदोष ती चालविल्यावाचून कळत नाहीत, त्या वस्तूच्या खरेदीत ग्राहकाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते. आणि फाउंटन पेन ही अशा वस्तूंमध्ये अग्रगण्य होय, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. कापड बोटांनी चाचपता येते, धान्य ओंजळीत घेऊन पारखता येते. परंतु पेनाचे सारे सामर्थ्य निबाच्या टोकावर बसविलेल्या कठीण धातूच्या सूक्ष्म बिंदूत आणि त्या बिंदूपासून मागे गेलेल्या अतिशय अरुंद चिरेत साठविलेले असते, व ही दोन्ही स्थळे नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. म्हणून पेन विकणाऱ्याकडे मालाइतकीच विद्याही असावी लागते. ती असली म्हणजे काय घडते आणि नसली म्हणजे काय घडते, या दोहोंचा अनुभव मला आला आहे.

माझी नोकरी महसूल खात्याच्या कचेरीत झाली. मिसलींवर शेरे लिहावेत, फेरफारांच्या नोंदी तपासाव्यात, वरिष्ठांच्या सहीसाठी मसुदे तयार करावेत, असा तो दिनक्रम होता. आणि आमचे अव्वल कारकून निळ्या-काळ्या शाईविषयी मोठे आग्रही होते. त्या शाईत लोहाचा अंश असतो. लिहिताना अक्षर निळे उमटते आणि पुढे हवेच्या संपर्काने लोहाचे रूपांतर होऊन ते काळवंडते व कागदात मुरते, त्यामुळे ज्या दस्तऐवजाचे काम तीन पिढ्यांनी पडण्याचा संभव असतो त्याला ती शोभते, असे ते सांगत. मात्र तीच शाई पेनात वाळू दिली तर मार्ग बुजवते आणि पोलादी निब हळूहळू खाते. सोन्याला तिची बाधा होत नाही, हे तेव्हापासून मनात ठसले होते. म्हणून सेवानिवृत्तीची रक्कम हाती आल्यावर घरखर्चाची व मुलीच्या देण्याघेण्याची तजवीज करून जे उरले, त्यातून चौदा कॅरटच्या, म्हणजे हजारात ५८५ भाग शुद्ध सोने असलेल्या निबाचे एक पेन घ्यावे, असा निश्चय मी केला.

ते मी पुण्याच्या लष्कर भागातील एका प्रशस्त दुकानातून घेतले. दुकानाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. माझ्यापुढे थंड पाणी आले, मखमलीच्या तबकात पेने आली, आणि एका विनयशील तरुणाने निवडलेले पेन दौतीत बुडवून माझ्या हाती दिले. चार अक्षरे सुरेख उमटली. बुडवून लिहिताना शाई निबाला बाहेरून चिकटलेली असते, त्यामुळे चार अक्षरे कोणतेही निब उमटवते. खरी परीक्षा पोटातली शाई टोकापर्यंत पोचते की नाही, ही असते. घरी येऊन शाई भरली आणि परीक्षेला आरंभ झाला.

देवनागरी लिहिणाऱ्यापाशी पेनाची एक कसोटी जात्याच असते, ती म्हणजे शिरोरेखा. अक्षरे लिहिताना हात वारंवार उचलला जातो, निबाला श्वास घेण्यास अवकाश मिळतो. परंतु पाच-सहा अक्षरांच्या शब्दावर एका ओघात रेघ ओढताना शाईचा पुरवठा अखंड लागतो. माझ्या नव्या पेनाची रेघ शब्दाच्या मध्यावर फिकट होई आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पोचण्यापूर्वीच तुटे. मी कोमट पाण्याने पेन धुतले, शाई बदलली, कागद बदलला. रेघ तुटतच राहिली.

तक्रार घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हाही पाणी आले आणि आदबही पूर्वीइतकीच होती. ''साहेब, एकदा शाई भरली की पेन परत घेता येत नाही,'' असे तो तरुण नम्रपणे म्हणाला. शाई भरल्यावाचून दोष कळावा कसा, असे मी विचारले. त्यावर त्याने पावतीच्या तळाशी छापलेल्या ओळीकडे बोट दाखविले. पुढे पेन परगावच्या दुरुस्तीकेंद्राकडे रवाना झाले आणि दीर्घ काळाने परत आले, ते 'तपासले. दोष आढळला नाही' अशा शेऱ्याच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीच्या पाठीवरच मी 'महाराष्ट्र' हा शब्द लिहून वर रेघ ओढली. ती 'ष्ट्र'पाशी संपली. मी दुकानाला पत्रे लिहिली, त्यांची उत्तरेही तत्परतेने आली, आणि प्रत्येक उत्तरात दिलगिरी होती. त्या माणसांच्या वर्तनात मला उद्धटपणा कोठेही आढळला नाही. परंतु निब हाती घेऊन त्याला काय झाले आहे हे सांगू शकेल असा एकही मनुष्य त्या साऱ्या व्यवस्थेत नव्हता, आणि म्हणून त्यांची दिलगिरी माझ्या काही उपयोगाची नव्हती.

एका स्नेह्याच्या सांगण्यावरून मी ते पेन अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील एका लहानशा दुकानात नेले. क्रमिक पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी आणि वह्यांच्या थप्प्यांनी व्यापलेल्या त्या भागात पेनांचे हे दुकान चटकन दृष्टीस पडत नाही. मालक वयस्क होते; त्यांनी माझी हकिकत मध्येच थांबविली. ''बोलू नका, लिहा,'' असे म्हणून त्यांनी कागद पुढे सरकविला, आणि मी लिहीत असता ते कागदाकडे न पाहता माझ्या हाताकडे पाहत राहिले. पेन किती तिरपे धरतो, जोर किती देतो, हे पाहून झाल्यावर त्यांनी जवाहिऱ्याचे भिंग डोळ्याला लावले आणि निब उजेडाच्या दिशेने धरले.

''चीर टोकाशी मिटलीय,'' ते म्हणाले. ''वरून सरळ उतरते, पण दोन्ही पाती शेवटाला एकमेकींवर दाबून बसलीत. शाई येणार कुठनं? बघा तुम्हीच.'' भिंग त्यांनी माझ्या हाती दिले. छिद्रापासून निघालेली प्रकाशाची बारीक रेघ टोकाच्या अलीकडे नाहीशी झालेली मी स्वतः पाहिली.

मग त्यांनी रबराच्या तुकड्यात धरून निब आणि त्याखालची जीभ अलगद ओढून काढली, दोन्ही स्वच्छ केली, पितळेचा अत्यंत पातळ पत्रा चिरेत घालून वरून खाली एकदाच फिरविला आणि अंगठ्याच्या नखाने पात्यांना किंचित ताण दिला. पुन्हा भिंग, पुन्हा पत्रा, पुन्हा भिंग. घाई त्यांनी कोठेही केली नाही. पेन जोडून, शाई भरून माझ्याकडे देताना ते म्हणाले, ''आता तुमचा सगळ्यात लांब शब्द लिहा आणि वर रेघ ओढा.'' मी 'भूमापनाधिकाऱ्यांकडून' असे लिहिले आणि रेघ ओढली. ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकसारखी गडद उतरली. मोबदल्याचे विचारले तेव्हा त्यांनी शाईच्या बाटलीचे पैसे तेवढे घेतले.

त्यानंतर माझी सारी खरेदी तेथेच होऊ लागली. शाई, टिपकागद, ताव, पत्रांची पाकिटे, हे सर्व घेताना काहीतरी शिकायला मिळे. चित्रकारांच्या काळ्या शाईत लाख असते, ती पेनात कधीही भरू नये. लोहयुक्त शाई भरलेले पेन वापराविना ठेवू नये. कागदाला खळ कमी असेल तर उत्तम शाईही तंतूतंतूंनी पसरते, त्यात पेनाचा अपराध नसतो, अशा गोष्टी ते गिऱ्हाईक काही घेवो वा न घेवो, सांगत असत. देशी मालाविषयी त्यांना अभिमान होता. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीपासून आणि वड्यांपासून आरंभ केलेल्या 'कॅम्लिन'ची वाटचाल, किंवा गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून पेन घडविणारे राजमहेंद्रीचे रत्नम् आणि १९३५ साली त्यांना आलेले गांधीजींचे पत्र, हे विषय ते आवडीने काढीत.

त्यांच्याकडूनच घेतलेले एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराचे, एक पेन काही काळाने लिहिता लिहिता ठिपके टाकू लागले, आणि त्यांच्या मालात दोष निघाला असता ते काय करतात, हे पाहण्याचा प्रसंग आला. मी पावती काढू लागलो, ती त्यांनी मागितलीच नाही. पेन तपासून ते म्हणाले, ''दोन कारणं आहेत, साहेब, आणि दोन्ही माझीच. ह्यात शाई थेट दांडीत भरतात. ती एक तृतीयांशाच्या खाली गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि शाई ढकलते. हे मी विकतानाच सांगायला हवं होतं. दुसरं, निब आणि जीभ ह्यांच्यात फट राहिलीय. ती मी दुकानातनं बाहेर पडू द्यायला नको होती.'' त्यांनी ती जोडी कढत पाण्यात धरली, एबोनाइट किंचित मऊ होताच जीभ अंगठ्याने निबाला दाबून गार होईपर्यंत तशीच ठेवली, आणि फट नाहीशी झाली. 'पुन्हा ठिपका पडला तर पेन बदलून देईन' हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. ठिपका पुन्हा पडला नाही.

ग्राहकाच्या हक्कांचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. आणि २०१९ च्या नव्या कायद्याने तर पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, व मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. पावतीच्या तळाशी नकार छापला म्हणजे जबाबदारी संपली, असे मानणाऱ्यांना हा अंकुश हवाच होता. परंतु कायदा पैसे परत देववील, पेन बदलून देववील. मिटलेली चीर ओळखणारी दृष्टी तो कोणाला देऊ शकत नाही. ती अभ्यासाने येते, आणि आपण विकलेल्या वस्तूने लिहिले पाहिजे अशी ज्याला तळमळ आहे, तोच तो अभ्यास करतो.

सौजन्याला मी अव्हेरीत नाही. पण सौजन्य हे सेवेचे बाह्यांग आहे. आज दुकाने सजविण्यावर आणि माणसांना गोड बोलण्याचे शिक्षण देण्यावर व्यापारी जो खर्च करतात, त्याचा अल्पांश जरी त्यांनी एका माणसाला निब जुळविण्याचे काम शिकविण्यावर केला, तरी तक्रारींची बरीचशी पत्रे लिहिली जाणार नाहीत. पेन विकणाऱ्याकडे माझ्या मागण्या थोड्या आहेत: फळीवर पाणी, शाई, भिंग आणि कागद असावा, गिऱ्हाइकाला शाई भरून, स्वतःच्या लिपीत, स्वतःच्या हाताने भरपूर लिहू द्यावे, वस्तूचा जो स्वभाव आपल्याला ठाऊक आहे तो पैसे घेण्यापूर्वी सांगावा, आणि दोष निघाला तर प्रथम निब पाहावे, मग पावती. एवढे करणारा दुकानदार ज्या गावात आहे, त्या गावच्या लोकांनी चार पैसे अधिक पडले तरी खरेदी त्याच्याकडेच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण गिऱ्हाइकाने पाठ फिरविली तर दुकानाबरोबर ही विद्याही बंद होते, आणि ती पुन्हा उभी करणे पैशाने साधत नाही.