आळस नव्हता तो

दोन वर्षांपूर्वी आई हळूहळू बदलू लागली. इंदूरच्या आमच्या घरात सगळ्यांत आधी उठणारी आई आठ वाजले तरी उठेना. मे महिन्यातही शाल पांघरून बसायची, पोह्यांत मीठ विसरायची. वजन वाढत होतं, केस गळत होते. "तुला हल्ली फार आळस चढलाय," असं मी तिला चक्क म्हटलं. ती गप्प राहिली.

शेवटी रक्त तपासलं. टीएसएच ४८! हवं साधारण ४ च्या आत. मला वाटलं, थायरॉइड जास्तच काम करतेय. डॉक्टर म्हणाल्या, "उलट आहे." गळ्यातली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी थायरॉक्सिन बनवते. शरीराची ऊब, हृदयाची गती, पचन, मनाची उभारी, सगळ्यांवर त्याचा ताबा. ते कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी टीएसएच सोडून तिला हाका मारते. काम होईना, तशा हाका वाढतात. ४८ म्हणजे त्याच हाका.

गोळी सुरू झाली. सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने. औषधाचा परिणाम सावकाश होतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री आईच म्हणाली, "चला, सराफ्यात जाऊ." भुट्ट्याचा कीस खाताना मी तिची माफी मागितली.

"अगं, मलाही तेच वाटायचं," ती म्हणाली, "की मी आळशी झाले."

घरात कुणी असं मंदावलं, तर टोमण्याआधी तपासणी करा. आमच्याकडे गोळीनंतरचा चहा आता मी करते.